नळाचे पाणी : शुद्धीकरण केंद्रापासून घरातील माठापर्यंत

पावसाळा सुरू झाला की नागपुरातील वस्त्यावस्त्यांमध्ये एक प्रश्न हमखास विचारला जातो. नळाला येणारे पाणी तसेच प्यावे काय? कुणी म्हणतो, महानगरपालिकेचे पाणी तपासूनच सोडलेले असते, चिंता नसावी. कुणी म्हणतो, यंत्र बसविल्याशिवाय एक घोटही घेऊ नये. आपल्या धर्मग्रामांतील कुटुंबांमध्येही ही दोन्ही मते ऐकावयास मिळतात, आणि दोन्ही मतांत अर्धे अर्धे सत्य आहे. शुद्धीकरण केंद्रातून निघणारे पाणी सामान्यतः पिण्यास योग्य असते. तेच पाणी रस्त्याखालच्या जलवाहिनीतून, नालीशेजारून जाणाऱ्या घरजोडणीतून आणि गच्चीवरच्या टाकीतून आपल्या माठापर्यंत येते, आणि बिघडायचे असेल तर बहुधा ह्या शेवटच्या टप्प्यातच बिघडते. हा टप्पा डोळ्यांआड असल्यामुळे त्याकडे फारसे कुणाचे लक्ष जात नाही. म्हणून त्याविषयी थोडे विस्ताराने लिहीत आहोत.

नागपूरचे पाणी कोठून येते

नागपूर शहराला नळाने पाणी देण्याची व्यवस्था दीडशे वर्षांहून अधिक जुनी आहे. १८७० च्या सुमारास अंबाझरी तलावातून शहराला पाणी पुरविण्याची योजना उभी राहिली. अलेक्झांडर बिनी नावाच्या इंग्रज अभियंत्याने त्या कामाची आखणी केली होती. हेच बिनी पुढे लंडनच्या कौंटी कौन्सिलचे मुख्य अभियंता झाले. शहर वाढले तसा अंबाझरी अपुरा पडू लागला. १९१२ मध्ये गोरेवाडा तलाव बांधण्यात आला, त्यानंतर कन्हान नदीवरून पाणी आले, आणि विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पेंच प्रकल्पाची जोड मिळाली. आज शहराची तहान मुख्यतः पेंच आणि काही प्रमाणात कन्हान भागवते. पारशिवनी तालुक्यातील नवेगाव खैरी येथील जलाशयातून घेतलेले पाणी गोरेवाडा आणि गोधनी येथील केंद्रांत शुद्ध केले जाते. कन्हानचे पाणी नदीकाठच्या केंद्रात शुद्ध होते. अंबाझरीचे पाणी आता कुणी पीत नाही.

दोन्ही स्रोतांत एक फरक आहे. पेंचचे पाणी जलाशयात दीर्घकाळ स्थिर राहते, त्यातील गाळ बराचसा खाली बसतो आणि उपशाच्या ठिकाणी ते तुलनेने निवळ मिळते. कन्हानचे पाणी वाहत्या नदीचे आहे. पावसाळ्यात ते गढूळ होते आणि वरच्या भागात काय घडते यावर त्याची प्रत अवलंबून राहते. जुलै २०२२ मध्ये अतिवृष्टीच्या काळात कोराडी औष्णिक वीज केंद्राचा खसाळा येथील राख बंधारा फुटला, तेव्हा राख मिसळलेले पाणी नाल्यांवाटे वाहत नदीच्या दिशेने गेले आणि कन्हानच्या पाणीपुरवठ्याचा प्रश्न शहरभर चर्चिला गेला. स्रोत स्वच्छ राखणे हा वेगळा आणि मोठा विषय आहे. येथे एवढेच नमूद करतो की, शुद्धीकरण केंद्र कितीही उत्तम असले तरी त्याच्याही क्षमतेला मर्यादा असते.

केंद्रातील प्रक्रिया थोडक्यात अशी आहे. प्रथम पाणी पायऱ्यांवरून खळाळत खाली सोडतात, जेणेकरून त्यात हवा मिसळावी. मग तुरटी किंवा तत्सम द्रव्य घालून पाणी ढवळतात. त्यामुळे मातीचे सूक्ष्म कण एकमेकांना चिकटून त्यांचे पुंजके होतात आणि मोठ्या हौदांत तळाशी बसतात. वरचे निवळ पाणी वाळूच्या थरांतून गाळले जाते आणि शेवटी त्यात क्लोरीन मिसळतात. आपल्या आजी गढूळ पाण्याच्या गुंडात तुरटी फिरवीत आणि चौपदरी कापडाने पाणी गाळून घेत. केंद्रातील पहिल्या टप्प्यांचे तत्त्व तेच आहे. क्लोरीन मात्र नवे, विसाव्या शतकातले.

क्लोरीनचा वास कशासाठी

"पाण्याला औषधाचा वास येतो" ही तक्रार नेहमी ऐकू येते. वास्तविक सौम्य वास येणे ही बहुधा चांगली खूण असते. केंद्रात घातलेल्या क्लोरीनपैकी काही भाग तेथेच जंतू मारण्यात आणि पाण्यातील सेंद्रिय पदार्थांशी संयोग पावण्यात खर्च होतो. उरलेला भाग पाण्याबरोबर प्रवास करतो. त्याला उर्वरित क्लोरीन म्हणतात. वाटेत कोठे थोडीशी घाण मिसळली तर तिचा सामना करण्यासाठी ही शिदोरी दिलेली असते. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकानुसार (आय.एस. १०५००, २०१२ ची आवृत्ती) एका लिटर पाण्यात किमान ०.२ मिलिग्रॅम उर्वरित क्लोरीन असावे, आणि विषाणूंपासून संरक्षण हवे असेल तेव्हा ०.५ मिलिग्रॅम असावे. त्याच मानकात असेही म्हटले आहे की, १०० मिलिलिटर पाण्यात ई-कोलाय हा जिवाणू मुळीच आढळता कामा नये. हा जिवाणू माणसाच्या व उष्ण रक्ताच्या प्राण्यांच्या आतड्यात राहतो. तो पाण्यात सापडला की त्या पाण्याला विष्ठेचा संपर्क झाला आहे, असे निश्चित समजावे.

वास अचानक नाहीसा होणे हे म्हणूनच लक्ष देण्याजोगे आहे. काल येत होता, आज येत नाही, आणि पाणी किंचित गढूळ वाटते, अशा वेळी वाटेत कोठेतरी घाण शिरली असून क्लोरीन तिच्याशी झुंजण्यात संपून गेले आहे, अशी शंका घेण्यास जागा असते. ही गोष्ट घरी पडताळून पाहता येते. ग्रामीण भागातील आपल्या वाचकांना 'ओ.टी. टेस्ट' परिचित असेलच. ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक नळाचे पाणी लहान काचनळीत घेतो, त्यात ऑर्थोटोलिडिनचे थेंब टाकतो आणि पिवळा रंग येतो की नाही ते पाहतो. पिवळा रंग आला तर क्लोरीन शिल्लक आहे, पाणी रंगहीनच राहिले तर नाही. ह्या चाचणीचे साहित्य महाग नसते. एखाद्या धर्मग्रामाने किंवा शाळेने ते आणून ठेवले आणि आठवड्यातून एकदा मुलांकडूनच चाचणी करविली, तर विज्ञानाच्या तासाला ह्याहून चांगला धडा सापडणार नाही. मात्र चाचणी केलेले पाणी फेकून द्यावे, ते पिऊ नये.

क्लोरीन असले म्हणजे सर्व काही झाले, असेही नाही. नोव्हेंबर १९५५ मध्ये दिल्लीत यमुनेच्या पाण्याच्या उपशाच्या ठिकाणी नजफगड नाल्याचे सांडपाणी येऊन मिसळले. जलकेंद्रातील कर्मचाऱ्यांनी तुरटी व क्लोरीनची मात्रा वाढविली. त्यामुळे विषमज्वरासारखे जिवाणूजन्य रोग आटोक्यात राहिले, परंतु काही आठवड्यांनी शहरात कावीळ पसरली आणि सुमारे २९ हजार लोक तिने आजारी पडले. ती कावीळ आज ज्याला हिपॅटायटिस ई म्हणतात त्या विषाणूची होती, हे पुढे कित्येक वर्षांनी जतन केलेल्या रक्तनमुन्यांच्या तपासणीतून लक्षात आले. पाणी गढूळ असेल तर कणांच्या आड विषाणू लपून राहतात आणि क्लोरीन त्यांच्यापर्यंत पोहोचत नाही. म्हणूनच पाणी आधी निवळ आणि मग निर्जंतुक करावे लागते.

पाणी बिघडते ते वाटेत

आता मूळ मुद्द्याकडे वळू. रस्त्याखालची जलवाहिनी सदैव पाण्याने भरलेली आणि दाबाखाली असेल, तर तिला एखादे छिद्र असले तरी पाणी आतून बाहेर जाते. पाण्याची नासाडी होते, पण बाहेरची घाण आत येत नाही. पुरवठा थांबला की चित्र उलटते. वाहिनी रिकामी होऊ लागते, सखल भागातील नळांतून उरलेले पाणी उतरून जाते आणि वाहिनीच्या आत शोषण निर्माण होते. आजूबाजूच्या मातीत मुरलेले, शेजारच्या गटारातून झिरपलेले पाणी त्याच छिद्रांतून आत ओढले जाते. दुसऱ्या दिवशी पुरवठा सुरू झाला की हे सर्व पहिल्या लोंढ्याबरोबर पहिल्या घरांत पोहोचते. पहाटे नळ आल्याबरोबर घाईघाईने भरलेला पहिला गुंड हा म्हणूनच सर्वांत धोक्याचा असतो, आणि आपल्याकडे नेमका तोच पिण्यासाठी वेगळा ठेवण्याची रीत आहे! पहिली काही मिनिटे येणारे पाणी धुण्याभांड्यांसाठी किंवा झाडांसाठी बाजूला काढावे आणि पिण्याचे पाणी त्यानंतर भरावे.

हा केवळ तर्क नव्हे. कर्नाटकातील हुबळी-धारवाड येथे काही प्रभागांत चोवीस तास पाणी देण्यात येऊ लागले आणि उर्वरित शहरात पूर्वीप्रमाणेच काही दिवसांच्या अंतराने पाणी येत राहिले. संशोधकांनी दोन्ही भागांतील नळांचे पाणी तपासून २०१३ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. स्रोत आणि शुद्धीकरण सारखेच असूनही खंडित पुरवठ्याच्या भागातील सुमारे ३२ टक्के नमुन्यांत ई-कोलाय आढळला. अखंड पुरवठ्याच्या भागात हेच प्रमाण एक टक्क्याहूनही कमी होते. पुढे २०१५ मध्ये त्याच शहरातील कुटुंबांच्या आरोग्याची पाहणी प्रसिद्ध झाली. लहान मुलांच्या साध्या जुलाबांत दोन्ही भागांत फारसा फरक दिसला नाही, कारण जुलाब होण्यास पाण्याखेरीज इतरही अनेक कारणे असतात. विषमज्वर मात्र अखंड पुरवठ्याच्या भागात लक्षणीयरीत्या कमी होता, आणि गरीब कुटुंबांतील मुलांना रक्ती जुलाब होण्याचे प्रमाणही कमी होते. ज्यांच्याजवळ पाणी उकळण्यास पुरेसे इंधन नाही, यंत्र घेण्यास पैसे नाहीत, त्यांना जलवाहिनीच्या दाबाचा लाभ सर्वाधिक होतो, असा याचा अर्थ आहे.

नागपुरातही हाच विचार करून धरमपेठ भागात प्रायोगिक प्रकल्प झाला आणि मार्च २०१२ पासून शहराच्या पाणीपुरवठ्याचे काम २५ वर्षांच्या कराराने ऑरेंज सिटी वॉटर ह्या कंपनीकडे सोपविण्यात आले. फ्रान्सची व्हिओलिया आणि विश्वराज ह्या दोन उद्योगांनी मिळून ही कंपनी स्थापन केली. पाच वर्षांत शहरभर चोवीस तास पाणी देण्याचे ठरले होते. त्या मुदतीत ते झाले नाही. खाजगीकरण योग्य की अयोग्य, देयके जास्त की कमी, यावर शहरात पुष्कळ वाद झाले आणि होत राहतील. परंतु आरोग्याच्या दृष्टीने विचारण्याचा प्रश्न साधा आहे : आपल्या वस्तीतील वाहिनी दिवसातून किती तास रिकामी असते? हा प्रश्न नगरसेवकांच्या सभेत फार क्वचित विचारला जातो. तेथे पाणी किती आले याचीच चर्चा होते.

जुलै २०१९ मध्ये तर संपूर्ण शहराने वाहिन्या रिकाम्या होण्याचा अनुभव घेतला. पाऊस लांबला, तोतलाडोह जलाशय तळाला गेला आणि महानगरपालिकेला एक दिवसाआड पाणी देण्याचा निर्णय घ्यावा लागला. टंचाईचे पाणी कमी असते हे सर्वांना कळते. ते अधिक अशुद्ध असण्याचीही शक्यता असते, हे मात्र फारसे कुणी सांगत नाही.

टुल्लू पंप : शेजाऱ्याचा विचार

उन्हाळ्यात नळाची धार बारीक झाली की अनेक घरांत थेट नळजोडणीलाच टुल्लू पंप लावला जातो. हे बेकायदेशीर आहे, आणि दरवर्षी असे पंप जप्तही केले जातात. बहुतेकांना वाटते, यात शेजाऱ्याचे पाणी थोडे कमी होते, एवढेच काय ते. प्रत्यक्षात हानी त्याहून मोठी आहे. वाहिनीत जेवढे पाणी येते त्याहून अधिक ओढण्याचा पंप प्रयत्न करतो. त्यामुळे पुरवठ्याच्या वेळीही, म्हणजे वाहिनी भरलेली असावयास हवी त्याच वेळी, तिच्यात शोषण निर्माण होते. गल्लीतील एखाद्या जुन्या, गंजलेल्या लोखंडी जोडणीचा नळ नालीतून जात असेल, तर नालीतील पाणी तेथून आत शिरते. ते पंपवाल्याच्या घरी जाते, आणि पंप बंद झाल्यावर पुढच्या सर्व घरांतही जाते. कष्टकरी शेजारीण पहाटे उठून भरते ते पाणी आपल्या पंपाने दूषित केलेले असू शकते.

पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या 'लाउदातो सी' ह्या परिपत्रकात पिण्यायोग्य सुरक्षित पाणी मिळणे हा प्रत्येक माणसाचा मूलभूत हक्क असल्याचे म्हटले आहे. हक्कांची चर्चा होते तेव्हा आपल्या डोळ्यांसमोर सरकार येते. टुल्लूच्या बाबतीत हा हक्क आपल्याच घरच्या बटणाने हिरावला जातो. पाणी कमी दाबाने येत असेल तर जमिनीलगत टाकी करून त्यात नळाचे पाणी आपोआप पडू द्यावे आणि त्या टाकीतून पंपाने वर चढवावे. खर्च थोडा अधिक येतो, पण शेजाऱ्याच्या आरोग्याला बाधा येत नाही.

घरजोडणीकडेही एकदा निरखून पाहावे. मुख्य वाहिनीपासून घरापर्यंतचा नळ नालीतून किंवा गटारावरून जातो काय? त्यावर ओल, गंज किंवा कापड गुंडाळून केलेली डागडुजी दिसते काय? नव्या जोडण्यांत निळ्या रंगाचे प्लॅस्टिकचे नळ वापरतात, ते गंजत नाहीत. जुन्या वस्त्यांतील लोखंडी नळ मात्र तीस-चाळीस वर्षे तसेच पडून असतात. ते बदलून घेणे हे पाणी शुद्ध करण्याचे यंत्र विकत घेण्यापेक्षा अधिक उपयोगाचे ठरू शकते.

कावीळ आणि गर्भवती माता

दूषित पाण्यापासून होणाऱ्या रोगांची नावे आपणास ठाऊक आहेतच : पटकी, विषमज्वर, हगवण, कावीळ. त्यांतील हिपॅटायटिस ई ह्या काविळीविषयी स्वतंत्रपणे लिहिणे आवश्यक वाटते. सशक्त माणूस ह्या आजारातून बहुधा काही आठवड्यांत बरा होतो. गर्भवती स्त्रीची गोष्ट निराळी आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार गर्भारपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत हा आजार झाल्यास २० ते २५ टक्क्यांपर्यंत माता दगावू शकतात. ज्या घरात बाळाची चाहूल लागली आहे, त्या घरी पावसाळ्यात पिण्याचे पाणी उकळूनच घ्यावे, याबाबत तडजोड करू नये. पाणी खळखळून उकळू लागल्यावर एक मिनिट उकळत ठेवणे पुरेसे असते. त्यानंतर ते झाकून थंड करावे, आणि माठात ओगराळ्याने काढावे, हात बुडवू नये.

ह्या काविळीची आणखी एक अडचण म्हणजे ती उशिरा प्रकट होते. विषाणू पोटात गेल्यापासून डोळे पिवळे होईपर्यंत दोन ते दहा आठवडे लोटतात. वस्तीत एकामागून एक रुग्ण दिसू लागतात तेव्हा दूषित पाणी पिऊन महिना उलटून गेलेला असतो आणि "आता तर पाणी स्वच्छ येते आहे" असे सांगून तक्रार बाजूला सारली जाते. म्हणून गढूळ किंवा दुर्गंधीयुक्त पाणी आले, तर आजाराची वाट न पाहता त्याच दिवशी तक्रार नोंदवावी.

काही जंतू तर पोटापुरते थांबत नाहीत. जानेवारी २०२५ मध्ये पुण्याच्या सिंहगड रस्ता, किरकटवाडी, नांदेड परिसरात गुलियन बारे सिंड्रोम ह्या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण अचानक वाढले. हातापायांतील शक्ती जाऊन काहींना कृत्रिम श्वासोच्छ्वासावर ठेवावे लागले, काही दगावले, आणि रुग्णसंख्या दोनशेच्या पुढे गेली. अनेक रुग्णांच्या तपासणीत कॅम्पिलोबॅक्टर हा पोटाच्या संसर्गाचा जिवाणू आढळला. त्या भागातील गावांना शुद्धीकरण केंद्रातून न जाता विहिरीतील पाणी केवळ क्लोरीन घालून पुरविले जात होते, ही बाब त्या निमित्ताने प्रकाशात आली. शहरे झपाट्याने वाढतात, गावे हद्दीत येतात, घरे होतात आणि शुद्धीकरणाची व्यवस्था मागून येते. नागपूरच्या सीमेवरील लेआउटमध्ये राहणाऱ्या आपल्या कुटुंबांनी हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

यंत्र, टीडीएस आणि टाकी

आता घरातल्या पाण्याकडे येऊ. आर.ओ. यंत्राचा विक्रेता घरी येतो, खिशातून एक लहानसे उपकरण काढतो, नळाच्या पाण्यात बुडवितो, त्यावर उमटलेला आकडा दाखवितो आणि गृहिणीला घाबरवितो. ते उपकरण पाण्यात विरघळलेल्या क्षारांचा, म्हणजे टीडीएसचा अंदाज देते. जंतूंविषयी ते काहीच सांगत नाही. एक साधे गणित करून पाहू. २०० टीडीएस असलेल्या ९९ लिटर पाण्यात ७०० टीडीएसचे एक लिटर सांडपाणी मिसळले तर मिश्रणाचा आकडा येईल २०५. पाणी पिण्यास पूर्ण अयोग्य झाले, पण उपकरणाला त्याचा पत्ता नाही. भारतीय मानकानुसार टीडीएस ५०० पर्यंत असणे इष्ट मानले जाते. पेंचसारख्या जलाशयाच्या पाण्यात क्षार बोअरवेलच्या मानाने बरेच कमी असतात, त्यामुळे नळाच्या पाण्यासाठी आर.ओ. यंत्राची गरज सहसा नसते. हे यंत्र एक लिटर पाणी देताना दोन-तीन लिटर पाणी वाया घालविते, ते वेगळेच. कमी क्षारांच्या पाण्यासाठी अशा यंत्रांच्या वापरावर बंदी आणावी, असे निर्देश राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१९ मध्ये दिले होते. गाळणी आणि अतिनील किरणांचे साधे यंत्र, किंवा उकळलेले पाणी, हे नळाच्या पाण्यासाठी पुरेसे आहे.

बोअरवेल आणि विहिरींचे गणित निराळे आहे. विदर्भात भूजलात नायट्रेट आणि काही भागांत फ्लोराइड अधिक आढळते. शौचालयांचे शोषखड्डे आणि शेतातील खते यांमुळे नायट्रेट वाढते. त्याची मानकातील मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे. पाणी उकळल्याने नायट्रेट जात नाही, उलट वाफ उडाल्यामुळे त्याचे प्रमाण किंचित वाढते, आणि वरचे दूध पिणाऱ्या तान्ह्या बाळांना त्याचा अपाय होऊ शकतो. म्हणून ज्या लेआउटमध्ये अद्याप जलवाहिनी नाही आणि बोअरवेल किंवा टँकरवर भिस्त आहे, तेथे पाण्याची रासायनिक व जैविक अशी दोन्ही तपासणी करून घ्यावी. नागपुरात राज्य शासनाची प्रादेशिक सार्वजनिक आरोग्य प्रयोगशाळा आहे. पाण्याच्या अभ्यासासाठी देशभर नावाजलेली नीरी ही संस्थाही १९५८ पासून ह्याच शहरात आहे. दिव्याखाली अंधार म्हणतात तसे आपले होऊ नये.

गच्चीवरची टाकी आणि जमिनीखालची टाकी ह्या घरातील सर्वांत दुर्लक्षित जागा आहेत. टाकीत पाणी साठून राहिले की उर्वरित क्लोरीन हळूहळू उडून जाते, उन्हाने पाणी तापते, झाकण सरकलेले असेल तर कबुतरांची घाण व पालापाचोळा पडतो. दर सहा महिन्यांनी टाकी रिकामी करून घासावी. त्यानंतर भरलेल्या पाण्यात ब्लिचिंग पावडर वापरावयाची असल्यास १००० लिटरला साधारण अडीच ग्रॅम ताजी पावडर पुरते. ती बादलीभर पाण्यात कालवून चुना खाली बसू द्यावा, वरचे निवळ पाणी टाकीत ओतावे आणि एक तास थांबून वापरावे. पावडरचे पाकीट उघडे राहिले की तिचा गुण जातो, म्हणून गेल्या वर्षीची उरलेली पावडर विश्वासाची नसते.

जमिनीखालच्या टाकीचा धोका पुराच्या वेळी कळतो. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे नागपुरात काही तासांत शंभर मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळला, अंबाझरी तलाव ओसंडून वाहिला आणि नाग नदीकाठच्या वस्त्यांत घराघरांत पाणी शिरले. शहराला पहिल्यांदा नळाचे पाणी देणारा तो तलाव आणि आज सांडपाणी वाहून नेणारी ती नदी, दोघांचे पाणी त्या पहाटे एक झाले. असे पाणी तळटाकीत शिरले असेल तर टाकीतील पाणी गाळून, उकळून वापरण्याचा विचारही करू नये. ते पूर्ण उपसून टाकावे, टाकी घासून धुवावी, अधिक तीव्र ब्लिचिंगच्या पाण्याने निर्जंतुक करावी आणि मगच नवे पाणी घ्यावे.

नाग नदी पुढे कन्हानला आणि कन्हान वैनगंगेला मिळते, जेथे गोसीखुर्दचा विस्तीर्ण जलाशय पसरला आहे. भंडाऱ्यासारख्या लहान शहरातील आणि काठच्या गावांतील लोक नागपूरच्या सांडपाण्याविषयी वर्षानुवर्षे तक्रार करीत आले आहेत. नाग नदीच्या शुद्धीकरणासाठी सुमारे १९२७ कोटी रुपयांचा प्रकल्प मंजूर झाला आहे. तो पूर्णत्वास जाईपर्यंत आपल्या मोरीतून गेलेले पाणी कुणाच्या तरी गावाच्या वाट्याला येतच राहील.

तक्रार कशी करावी

पाणी गढूळ किंवा वास मारणारे आले तर एकट्याने तक्रार करून भागत नाही. महानगरपालिकेच्या दहा झोनपैकी आपला झोन कोणता, ते आधी पाहून ठेवावे. तक्रार लिहिताना पुढील गोष्टी अवश्य नमूद कराव्यात : पाणी कोणत्या तारखेस व किती वाजता आले, पहिल्या लोंढ्यातच घाण होती की शेवटपर्यंत, वास गटाराचा होता की मातीचा, आणि मुख्य म्हणजे गल्लीतील कोणकोणत्या घरी तसे पाणी आले व कोणत्या घरी आले नाही. शेवटची माहिती फार मोलाची असते. एकाच घरी घाण पाणी येत असेल तर दोष त्या घरजोडणीत असण्याचा संभव असतो. ओळीने सहा घरी येत असेल आणि सातव्या घरी येत नसेल, तर गळती कोणत्या टप्प्यात आहे हे कर्मचाऱ्यांना रस्ता फार न खोदता शोधता येते. स्वच्छ बाटलीत त्या पाण्याचा नमुना भरून तारीख-वेळ लिहून ठेवावा. हायड्रोजन सल्फाइडची तपासणी बाटली मिळत असेल तर तिच्यात पाणी भरून एक-दोन दिवस उबदार जागी ठेवावे. ग्वाल्हेरच्या संरक्षण प्रयोगशाळेतील शास्त्रज्ञांनी १९८२ मध्ये प्रसिद्ध केलेली ही पद्धत आहे. पाणी काळे झाले तर ते दूषित असल्याचा दाट संशय घ्यावा. अशी काळी पडलेली बाटली झोन कार्यालयाच्या मेजावर ठेवली की तक्रारीला वजन येते.

धर्मग्रामातील लहान ख्रिस्ती समूहांच्या बैठका वस्तीनिहाय होतच असतात. त्या बैठकीत शेजारच्या बिगरख्रिस्ती घरांनाही बोलावून गल्लीचा कच्चा नकाशा काढावा आणि कोणत्या घरी कोणत्या दिवशी कसे पाणी आले त्याच्या खुणा त्यावर कराव्यात. त्या नकाशाची एक प्रत तक्रारीसोबत जोडावी आणि पोच घ्यावी. गळती सापडून ती दुरुस्त होईपर्यंत आणि त्यानंतरही आठवडाभर पिण्याचे पाणी उकळावे, कारण दुरुस्तीच्या वेळी उघडी पडलेली वाहिनी धुऊन निघण्यास काही दिवस लागतात.